चाळीस गुंठे, नऊ मीटर
बोर्ली पंचतनच्या जमिनीविषयी दोन पक्ष

बोर्ली पंचतन हे श्रीवर्धन तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. दिवेआगर, वेळास, दिघी, कुडकी या आसपासच्या गावांतली माणसे बाजाराला, बँकेच्या कामाला, दवाखान्यात इथे येतात. जमिनीचे प्रकार किनाऱ्यावरच्या इतर गावांसारखेच आहेत: मध्ये गावठाण, त्याला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या, पुढे भाताची खाचरे आणि डोंगरउतारावर नाचणी-वरीची, गवताची वरकस जमीन. या साऱ्या जमिनीला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एकच नवे गिऱ्हाईक लाभले आहे, ते म्हणजे घर बांधू पाहणारा.

त्याची कारणे एकामागून एक आली. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिवेआगरात एका वाडीत सुवर्णगणेश सापडला आणि शांत किनाऱ्यावरच्या त्या गावाकडे भाविकांची, मग पर्यटकांची रीघ लागली. मात्र समुद्राला लागून हवे तसे बांधता येत नाही. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सागरी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्तीच्या भागात ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर पट्टा नवीन बांधकामापासून मोकळा ठेवायचा आहे. किनाऱ्यावर अडलेली मागणी मग आत, बोर्लीच्या बाजूला सरकते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या वाड्या अक्षरशः झोपवल्या. पोफळ लावल्यापासून हाताशी सुपारी यायला सात-आठ वर्षे लागतात. तेवढी वाट पाहण्याची ऐपत प्रत्येकाकडे नसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिघी बंदर अदानी समूहाकडे गेले. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशभरातल्या ज्या बारा औद्योगिक नगरांना मंजुरी दिली, त्यांत ६,०५६ एकरांचे दिघी बंदर औद्योगिक क्षेत्र आहे. त्याची जमीन मुख्यतः माणगाव-रोह्याच्या बाजूची, पण नाव दिघीचे. आणि जमिनीचा भाव नावावरही चढतो. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावरचा आगरदांडा-दिघी पूल झाला की आज जंगलजेट्टीच्या फेरीबोटीने होणारा प्रवास सलग रस्त्याने होईल.

जमिनीचे घर होण्याआधी तीन वेगवेगळे निर्णय व्हावे लागतात. बोलण्यात तिन्हींना मिळून ‘एनए’, म्हणजे बिनशेती, म्हटले जाते आणि निम्मे गैरसमज तिथेच सुरू होतात. पहिला निर्णय झोनचा: महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली केलेल्या प्रादेशिक योजनेत ती जमीन शेती व हरित विभागात आहे की निवासी विभागात. श्रीवर्धन शहराला नगरपरिषद आणि स्वतःची विकास योजना आहे. बोर्लीला ग्रामपंचायत आहे, म्हणून तिथे प्रादेशिक योजनेचाच आधार. दुसरा निर्णय विभागणीचा: सातबाऱ्यावरचे क्षेत्र किती तुकड्यांत आणि कोणत्या रेखांकनाने वाटायचे. तिसरा वापराचा आणि बांधकामाचा: शेतजमीन बिनशेती होणे आणि नकाशाला परवानगी मिळणे. गावठाणाच्या आत बांधकाम परवानगीचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ ने पंचायतीकडे येतो. बाहेर तो जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा त्यांनी नेमून दिलेल्या महसूल अधिकाऱ्याचा, नगररचना कार्यालयाच्या शिफारशीने.

या निर्णयांवर गावोगावी दोन पक्ष ऐकू येतात. ते येथे नमुन्यादाखल एका सामायिक सातबाऱ्यावरच्या दोन सहधारकांच्या तोंडी घातले आहेत. एक गावात राहणारे, वाडी कसणारे काका. दुसरा मुंबईत नोकरी करणारा, मे महिन्यात आणि गणपतीला येणारा पुतण्या. गावाबाहेर गेलेला माणूस जमीन विकायला निघतो आणि गावात राहिलेला ती धरून ठेवतो, असा समज आहे. बोर्लीसारख्या ठिकाणी बहुधा उलटे घडते. ज्याला रोज मजुराची वाट पाहावी लागते, तोच प्लॉट पाडायला निघतो, आणि सुट्टीत येणाऱ्याला वाडी हिरवी हवी असते.

प्रश्न चाळीस गुंठ्यांचा आहे. जमीन गावठाणापासून जवळ, काही भाग भाताचा, काही मोडलेल्या वाडीचा.

काका: हे बघ, वादळात वाडी गेली. नवी लावली तर माझ्या हयातीत तिचे पैसे दिसायचे नाहीत. भाताला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरीत भात परवडत नाही. धाकट्याचे लग्न व्हायचे आहे. गावठाणातल्या घरात तीन चुली आहेत, चौथी कुठे मांडू? दोन-दोन, तीन-तीन गुंठ्यांचे तुकडे पाडू, काही विकू, एक आपल्याला ठेवू.

पुतण्या: काका, विकायला माझा विरोध नाही. पण तुम्ही म्हणता तसे तुकडे पाडता येत नाहीत. तुकडेबंदी आहे.

काका: तुकडेबंदी माझ्या लहानपणापासून आहे. म्हणून तुकडे थांबले का?

काकांच्या प्रश्नात या कायद्याचा सगळा इतिहास आहे. धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९४७ चा. हेतू शेतीचा होता: वारसाहक्काने जमीन इतकी बारीक होऊ नये की नांगर फिरवायला जागा उरणार नाही. त्यासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवले जाते आणि त्याहून लहान तुकडा करून विकता येत नाही. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतासाठी २० गुंठे आणि बागायतासाठी १० गुंठे असे खाली आणले गेले. घरासाठी मात्र माणसाला दोन-तीन गुंठेच हवे असतात. त्यामुळे कायदा शेताच्या मापाने बोलतो आणि बाजार घराच्या मापाने. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने रेखांकन मंजूर नसेल तर एक-दोन गुंठ्यांच्या दस्तांची नोंदणी रोखण्यात आली. ५ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. झालेले व्यवहार नियमित करण्याचे शुल्क आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के होते, मग ५ टक्के झाले. २०२५ च्या अखेरीस अध्यादेशाने, बिगरशेती वापरासाठी नेमलेल्या भागांतले १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार शुल्काशिवाय नियमित करण्याची वाट मोकळी झाली. नियम मोडून ज्याने घेतले त्याचे अखेर नियमित झाले आणि ज्याने नियम पाळायला थांबून राहायचे ठरवले तो थांबूनच राहिला, हा त्यातला खरा अन्याय आहे. पण दुसरी बाजूही खरी: साठ वर्षांत झालेली लाखो घरे कागदावर अवैध ठेवून कोणाचेच भले झाले नसते. कर्ज नाही, वारसनोंद अडलेली, विक्री अडलेली, अशी ती घरे होती.

काका: आणि तुकडा विकता येत नसेल तर सामायिकात विकतात. अकरा गुंठे पाच जणांनी मिळून घ्यायचे, सातबाऱ्यावर पाच नावे लावायची, आणि आपापसात चुन्याने रेघा मारायच्या. सगळीकडे असेच चालले आहे.

पुतण्या: चालले आहे, आणि पुढे रडारडही होते. पाचातला एक वारला की त्याच्या चार वारसांची नावे लागतात. मग कोणाला घर विकायचे असेल तर आठ जणांच्या सह्या. सातबाऱ्यावर कुठला कोपरा कोणाचा हे लिहिलेलेच नसते. बँक अशा जागेवर कर्ज द्यायला तयार होत नाही. आपल्याच सातबाऱ्यावर काय आहे ते बघा ना. आजोबांच्या नावानंतर किती नावे चढली आहेत!

पुतण्याचे हे म्हणणे काकांना अनुभवाने पटलेले असते. बोर्लीच्या आसपासच्या सातबाऱ्यांवर मुंबई, पुणे, आखाती देशांत गेलेल्या माणसांची, त्यांच्या विवाहित बहिणींची, वारलेल्यांच्या मुलांची नावे एकाखाली एक असतात. प्रत्यक्षात कसणारा एक. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सर्व सहधारकांच्या संमतीने वाटप करून मोजणी, पोटहिस्सा आणि फेरफार करता येतो. पण ‘सर्व’ या शब्दाशी गाडी अडते. म्हणूनच खोटी घाई नसलेला, सचोटीचा माणूससुद्धा सामायिक विक्रीच्या आडवाटेला लागतो. वाटपाची सरळ वाट सोपी केली असती तर आडवाट इतकी रुळली नसती, हे महसूल खात्याला सांगण्याची गरज आहे.

काका: बरे, रीतसर करू. रीतसर म्हणजे काय, ते तू सांग.

पुतण्या: रीतसर म्हणजे आधी मोजणी. मग रेखांकन. रस्ता किती, मोकळी जागा किती, पाणी कुठून जाणार, हे नकाशावर. मंजुरी मिळाली की मग प्लॉट. विकसित करायची जमीन पाचशे चौरस मीटरांच्या वर असेल तर महारेरात नोंदणी.

काका: आणि त्यात माझे किती जातात?

हा प्रश्न या वादाच्या केंद्रस्थानी आहे, म्हणून हिशेब नीट मांडला पाहिजे. चाळीस गुंठे म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. समजा ७५ मीटर लांब आणि ५४ मीटर रुंद असे शेत. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा अधिक क्षेत्राच्या रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती झाली चार गुंठे. मधून नऊ मीटर रुंदीचा रस्ता शेवटपर्यंत नेला तर ६७५ चौरस मीटर, म्हणजे साडेसहा गुंठ्यांहून जास्त. उरतात एकोणतीस गुंठे आणि थोडे. तीन गुंठ्यांचे नऊ प्लॉट. ठिकाणाप्रमाणे सुविधा क्षेत्राची अट लागली तर त्याहून कमी. उलट चुन्याच्या रेघा मारून, मध्ये दहा फुटांची पायवाट सोडली तर वाटेत सव्वादोन गुंठे जातात आणि तीन गुंठ्यांचे बारा तुकडे निघतात. म्हणजे रीतसर जाण्याची किंमत तीन प्लॉट. ज्याच्या घरात लग्न आहे आणि वाडी पडली आहे त्याला तीन प्लॉट सोडायला सांगणे हलके नाही, आणि पुतण्याने ते हलके समजू नये.

काका: तीन प्लॉट! आणि एकोणचाळीस गुंठे दाखवले तर? एक गुंठा भावाच्या नावे ठेवू. मग मोकळ्या जागेची अटच नको.

पुतण्या: हो, एकोणचाळीस गुंठे म्हणजे ३,९४६ चौरस मीटर. अट टळेलही. पण शेजारच्यानेही एकोणचाळीस दाखवले, त्याच्या पलीकडच्यानेही. तिन्ही शेतांत मिळून पस्तीसएक घरे झाली, मोकळी जागा शून्य आणि तीन वेगवेगळ्या पायवाटा, एकमेकींना न जुळणाऱ्या. चिरे भरलेला ट्रक आत वळणार नाही. रात्री तुम्हाला छातीत दुखले तर रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर थांबेल आणि तुम्हाला खुर्चीत बसवून आणावे लागेल.

इथे पुतण्याची बाजू जड आहे. विभागणी ही झोनपेक्षाही अधिक कायमची गोष्ट असते, हे नियोजनाच्या चर्चेत सहसा निसटते. झोन शासनाच्या एका अधिसूचनेने बदलतो आणि दुसरीने परत फिरवता येतो. घर पडते, नवे उभे राहते. पण शेत एकदा बारा मालकांना विकले की त्यातून नऊ मीटरचा रस्ता पुन्हा काढायला बारा जणांच्या कुंपणाच्या भिंती पाडाव्या लागतात, आणि तसे सहसा होत नाही. गावाचे पुढच्या शंभर वर्षांचे रस्ते नगररचनाकाराच्या टेबलावर कमी आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, एकेका खरेदीखताने, जास्त ठरतात. तरीही झोनबदलाला जाहीर सूचना असते, हरकती असतात. शेताच्या विभागणीला गावाचे मत कोणी विचारत नाही.

काका: तू मोकळ्या जागेचे बोलतोस, पण माझी जमीन शेती विभागात आहे म्हणून मला प्लॉट पाडायलाच अडचण. शेती विभागात शेतघराला निदान चाळीस गुंठे लागतात. म्हणजे ज्याच्याकडे एकर आहे त्या मुंबईकराने बंगला बांधावा, आणि दहा गुंठ्यांच्या माणसाने मुलाला झोपडीही बांधून देऊ नये?

पुतण्या: तुमचे हे म्हणणे मला मान्य आहे, काका.

नियमातली ही विषमता खरी आहे. शेती विभागात शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर भूखंडाची अट विरळ बांधकामासाठी आहे. तिचा परिणाम असा होतो की मोठी जमीन घेण्याची ऐपत असलेल्याला वाट मिळते. स्थानिक कुटुंबांच्या वाढीसाठी कायद्यात दुसरे उपाय आहेत. महसूल संहितेच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवतात, आणि गावठाण विस्तारही करता येतो. कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली, प्रादेशिक योजनेत निवासी किंवा तत्सम वापरासाठी नेमलेली जमीन, ठरावीक रक्कम भरल्यावर, बिनशेती झाली असे मानले जाते. गावांत याचा अर्थ ‘दोनशे मीटरच्या आत सगळे मोकळे’ असा लावला जातो. तो चुकीचा आहे. बिनशेती मानले गेल्याने रेखांकनाची आणि बांधकामाची परवानगी मिळत नाही. रस्ता, मोकळी जागा, पाण्याचा निचरा या अटी तशाच उभ्या असतात.

काका: मग झोनच बदलून घेऊ. त्या पलीकडच्या डोंगरावर कोणी बदलून घेतला म्हणतात.

झोनबदल नगररचना अधिनियमाच्या कलम २० ने होतो. प्रस्ताव शासनाकडे जातो, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते, हरकती-सूचनांना साधारण महिन्याची मुदत असते, सुनावणी होते आणि मग अधिसूचना. कागदावर ही रीत चोख आहे. प्रत्यक्षात ज्या गट नंबराचा झोन बदलतो आहे त्याच्या शेजारच्या शेतकऱ्याला ती सूचना दिसेलच असे नाही, कारण गट नंबर वाचून शेत ओळखणारे लोक कमी आणि राजपत्र वाचणारे त्याहून कमी. एका धारकाच्या अर्जावर एका गटाचा झोन बदलणे, आणि गावाच्या वाढीची गरज पाहून एका पट्ट्याचा बदलणे, या दोन गोष्टी कायद्याच्या एकाच कलमात बसतात, पण गावाच्या दृष्टीने त्यांत फार अंतर आहे.

गोव्याने ते अंतर अनुभवाने शिकून घेतले. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ नावाच्या आराखड्यात शेते आणि डोंगर मोठ्या प्रमाणावर वस्तीसाठी खुले केल्याचे दिसताच गोवा बचाव अभियानासारख्या चळवळींनी आवाज उठवला आणि २००७ च्या सुरुवातीला शासनाला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतरचा ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ करताना मसुदे पंचायतींकडे पाठवून गावागावांत सूचना मागवल्या गेल्या. पुढे नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम १७(२) घालून एकेका सर्व्हे नंबराचा झोन ‘चूक दुरुस्ती’ म्हणून बदलण्याची सोय केली गेली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली.

काका: गोव्यात लोक रस्त्यावर आले म्हणून झाले. इथे कोण येणार? ज्याची त्याला पडली आहे. आणि कोर्टाचा निकाल येईपर्यंत डोंगर कापून झालेला असतो.

पुतण्या: म्हणूनच कोर्टाच्या आधीची जागा ग्रामसभा आहे.

काका: ग्रामसभेत गणपूर्ती होत नाही, तिथे नकाशा कोण बघणार?

काकांची निराशा समजण्यासारखी आहे, तरी ती मान्य करता येत नाही. ग्रामसभेत नकाशा पाहिला जात नाही, कारण तो तिथे आणला जात नाही. अंदाजपत्रक, घरकुल, पाणीपट्टी या विषयांना माणसे येतात. ‘प्रादेशिक योजनेतील फेरबदल’ असा विषय मांडला तर कोणी उठून येत नाही. ‘कुणाच्या शेतातून पाणी कुठे जाते’ असा मांडला तर येतील.

पाण्याचा मुद्दा बोर्लीत सर्वांत कमी बोलला जातो आणि सर्वांत आधी जाणवणार आहे. या किनाऱ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगरावरून उतरलेले पाणी वहाळातून येते, खाचरात थांबते, मुरते आणि बांध फोडून पुढे जाते. भाताचे खाचर म्हणजे बांध घालून केलेली उथळ टाकीच. त्यात तीन फूट भराव घालून जोते उचलले की तिथे थांबणारे पाणी शेजाऱ्याच्या खाचरात किंवा अंगणात जाते. शेजारीही मग भराव घालतो. चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते आणि सगळे पंचायतीला नावे ठेवतात. वहाळाला गटार समजून त्यावर पाइप टाकून बुजवण्याची सवय तर सर्रास आहे.

उन्हाळ्यात उलटा प्रश्न. वाड्यांना विहिरींचे पाणी; घरांना बोअरवेल. प्रत्येक बंगल्याची बोअरवेल वेगळी आणि शोषखड्डा वेगळा. तीन गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये दोन्ही बसवताना आपल्या खड्ड्यापासून शेजाऱ्याची विहीर किती फुटांवर आली, हे कोणी मोजत नाही. रेखांकन एकत्र झाले असते तर सांडपाण्याची एक जागा आणि पाण्याची दुसरी, असे ठरवता आले असते. किनाऱ्याकडच्या जमिनीत गोडे पाणी जास्त उपसले की खारे आत सरकते. दिवेआगरसारख्या समुद्रालगतच्या वाड्यांना तो धोका बोर्लीहून अधिक. वाडीला एकदा खारे पाणी लागले की पोफळ टिकत नाही.

पुतण्या: काका, ती घरे वर्षात किती दिवस उघडी असतात? दिवाळी, नाताळ, मे. पण बोअर मात्र खणलेली असते.

काका: बंद असली तरी घरपट्टी येते. राखणदाराला पगार मिळतो. गवंडी, सुतार, चिऱ्याचा ट्रकवाला, सगळे इथलेच. तुझ्यासारखी माणसे गावाला चित्रासारखे बघतात. आम्हाला गाव जगायला हवे.

इथे दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे आहेत आणि कोणाचेही म्हणणे दुसऱ्याने खोडून निघत नाही. बांधकाम हा किनारपट्टीवरचा आज सर्वांत नेमाने चालणारा रोजगार आहे. पण प्लॉट विकून आलेला पैसा एकदाच येतो. वाडी दरवर्षी देते, कमी देते. धाकट्याच्या लग्नाला तो पैसा पुरतो, त्याच्या मुलांना पुरणार नाही. काकांना हे माहीत नाही असे नव्हे. त्यांना पर्याय दिसत नाही. निसर्ग वादळानंतर वाड्या पुन्हा उभ्या करायला दीर्घ मुदतीचे, झाड फळ धरेपर्यंत हप्ता न मागणारे कर्ज मिळाले असते तर यातल्या पुष्कळ जमिनी बाजारात आल्याच नसत्या. जमिनीच्या नियोजनात वादळाच्या नुकसानभरपाईचा विषय येत नाही, हा त्या नियोजनाचा दोष आहे.

वरून येणारे नियोजन आणखी वेगळे. मार्च २०२४ मध्ये शासनाने किनारपट्टीवर १३ विकास केंद्रांसाठी, १०५ गावांत, राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. अशा क्षेत्रात गाव गेले की आराखडा आणि बांधकाम परवानगी प्राधिकरणाकडे जाते.

काका: ते बरे. निदान रस्ते मोठे होतील. पंचायत काय करणार?

पुतण्या: रस्ते होतील. पण कोणाच्या शेतातून, ते ठरवायला आपण नसू. आज गावाने आपला नकाशा केला नाही, तर उद्या प्राधिकरणाच्या माणसाला कोरा कागद मिळेल.

प्राधिकरणाकडे पैसा, अभियंते आणि अधिकार असतात. पंचायतीकडे सहसा यातले काही नसते. सागरी महामार्गालगतची वाढ एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याने सांभाळावी, अशी अपेक्षा करणे चूक आहे. म्हणून काकांचे म्हणणे उडवून लावता येत नाही. पण प्राधिकरण ज्या नकाशावर काम सुरू करते त्यात वहाळ, पाखाड्या, देवराया, गुरांच्या वाटा, सार्वजनिक विहिरी असतात की फक्त गट नंबरांच्या रेषा असतात, हे महत्त्वाचे आहे. गटबुकात पाखाडी दिसत नाही. वहिवाटीची असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांतही क्वचितच. गावाने स्वतःहून या गोष्टी गावनकाशावर उतरवून ग्रामसभेच्या ठरावाने महसूल आणि नगररचना कार्यालयाकडे दिल्या, तर हरकतीच्या वेळी बोट ठेवायला कागद असतो. याला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली, घरांच्या मिळकत पत्रिका तयार झाल्या. तशीच बारकाईची नोंद गावठाणाबाहेरच्या वाटा आणि वहाळांचीही होऊ शकते.

चाळीस गुंठ्यांपुरते सांगायचे तर काका आणि पुतण्या काही गोष्टींवर एक होतात. मोजणी आधी करायची. मुंबई-पुण्यातल्या सहधारकांची संमती पुतण्याने गोळा करायची, कारण ते त्याच्या ओळखीचे आहेत आणि काकांना फोनवर बोलणे जमत नाही. शेजारच्या दोन शेतांचे मालक तयार असतील तर तिन्ही शेतांचे एकच रेखांकन करायचे: एकशेवीस गुंठ्यांत एक सलग रस्ता निघतो, तिघांचे तीन वेगळे रस्ते वाचतात आणि प्रत्येकाचे विकण्याजोगे क्षेत्र वाढते. काकांना रेखांकनात प्रथमच स्वतःचा फायदा दिसतो तो इथे. वहाळ उघडा ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा दाखवायची, म्हणजे दहा टक्क्यांची अट आणि पाण्याची वाट एकाच जागेत भागते. वाडीचा जो तुकडा वादळात वाचला तो प्लॉटांत न घेता काकांच्या नावे राहील. त्याची पोफळ अजून धरते.

मतभेद उरतो तो मोकळ्या जागेचा. नियमाप्रमाणे ती प्लॉटधारकांची सामायिक राहते, तिच्यावर बांधता येत नाही आणि ती वेगळी विकता येत नाही. पुतण्याचे म्हणणे, तिथे गावातल्या मुलांनाही खेळू द्यावे आणि वहाळाची सफाई पंचायतीने करावी. काकांचे म्हणणे, प्लॉट घेणारा बाहेरचा माणूस दोन वर्षांत कुंपण घालील आणि फाटकाला कुलूप लावील. म्हणून तिथे जाण्याची वाट खरेदीखतातच लिहून घ्यावी, आणि पंचायतीच्या नावे वहिवाटीचा हक्क नोंदवावा. या एका मुद्द्यावर काकांचा सल्ला अधिक पक्का आहे. खरेदीखतात लिहिलेली वाट पुढच्या मालकालाही बांधून ठेवते. तोंडी कबूल केलेली वाट पहिल्या फेरफाराबरोबर मिटते.